जुने संगणक : अडगळ की साधनसंपत्ती?

एखाद्या कार्यालयात नवे संगणक आले की जुने संगणक मागच्या खोलीत जातात. काही दिवसांनी त्यांवर जुन्या नस्ती रचल्या जातात आणि पुढे केव्हातरी ते भंगाराच्या भावाने निकालात काढले जातात. त्याच तालुक्यातील एखाद्या ग्रंथालयात किंवा महिला बचत गटाच्या कार्यालयात मात्र हिशेब लिहिण्यासाठी एकही संगणक नसतो. जुनी यंत्रे दुरुस्त करून अशा संस्थांना देणे हा ही विसंगती दूर करण्याचा एक सुलभ उपाय होय. तथापि, पूर्वतयारीवाचून दिलेले यंत्र हे दान न राहता दुसऱ्याच्या दारी टाकलेला कचरा ठरते.

पुनर्वापराचे मोल

संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या 2004 मधील अभ्यासानुसार एक मेजावरील संगणक व त्याचा 17 इंची काचनळीचा पडदा तयार करण्यासाठी सुमारे 240 किलो खनिज इंधन, 22 किलो रसायने आणि दीड टन पाणी खर्ची पडत असे. यंत्रे आता बदलली असली, तरी निर्मितीतच मोठा खर्च होतो हे सूत्र कायम आहे. म्हणून यंत्र मोडून त्यातील धातू काढण्यापेक्षा ते आणखी काही वर्षे वापरणे अधिक हिताचे ठरते. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यापैकी केवळ 22.3 टक्के कचऱ्याचे संकलन व पुनश्चक्रण रीतसर झाल्याची नोंद आहे.

कॅनडातील योजना

या कामाला सुसूत्र रूप देणारे एक उदाहरण कॅनडाचे आहे. तेथे 1993 मध्ये ‘कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स’ ही योजना केंद्र शासन आणि दूरध्वनी क्षेत्रातील स्वयंसेवक यांच्या सहकार्याने सुरू झाली. शासकीय कार्यालये व उद्योग यांच्याकडील जुने संगणक कार्यशाळांत दुरुस्त करून शाळा, ग्रंथालये, सेवाभावी संस्था व आदिवासी समाजाच्या वस्त्या यांना दिले जातात. या कार्यशाळांतून तरुणांना सवेतन प्रशिक्षणही मिळते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, देणारा व घेणारा यांच्यामध्ये दुरुस्तीची जबाबदारी पेलणारी एक यंत्रणा उभी आहे. एकेका अधिकाऱ्याच्या उत्साहावर ती योजना अवलंबून नाही.

प्रथम माहिती पुसावी

संगणक देण्यापूर्वीचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे त्यातील माहिती कायमची नष्ट करणे. लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, बँक खाती, विद्यार्थ्यांचे दाखले असा तपशील कार्यालयीन यंत्रात साठलेला असतो. फाइल ‘डिलीट’ केल्याने किंवा तबकडी नुसती ‘फॉरमॅट’ केल्याने तो नाहीसा होत नाही. साध्या साधनांनी तो पुन्हा वाचता येतो. चुंबकीय तबकडीवर सर्वत्र नवीन मजकूर लिहून जुना पुसावा लागतो. नव्या प्रकारच्या एसएसडी साठ्याची रचना निराळी असल्याने त्यासाठी निर्मात्याने दिलेली स्वतंत्र पुसण्याची आज्ञा वापरावी लागते. बंद पडलेली तबकडी पुसता येत नसल्यास ती काढून घेऊन फोडावी. पुसलेल्या प्रत्येक यंत्राच्या अनुक्रमांकाची नोंद ठेवून तीवर जबाबदार व्यक्तीची स्वाक्षरी घ्यावी.

यंत्र कामाचे आहे काय?

अक्षरजुळणी, हिशेब व इंटरनेट एवढ्या कामासाठी 64 बिटचा प्रक्रियक आणि किमान 4 जीबी, शक्यतो 8 जीबी स्मृती असावी. जुन्या तबकडीच्या जागी एसएसडी बसविल्यास मंद यंत्राचा वेग लक्षणीय वाढतो. काचनळीचे पडदे देऊ नयेत. त्यांच्या काचेत शिसे असते. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी आगीस कारण होऊ शकते, म्हणून ती प्रथम वेगळी करावी.

विंडोज 10 या प्रणालीचा सर्वसाधारण सुरक्षा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज 11 साठी पात्र ठरत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली घालता येते. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅकने विकसित केलेल्या ‘बॉस’ प्रणालीत मराठीची सोय आहे. विनापरवाना प्रणाली घालून यंत्र देणे म्हणजे घेणाऱ्या संस्थेस अडचणीत टाकणे होय.

नियमांची चौकट

ई-कचरा व्यवस्थापन नियम, 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून अमलात आले. त्यांनुसार नूतनीकरणाचा व्यवसाय करणाऱ्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. वर्षात केव्हाही 1,000 किंवा अधिक विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारी संस्था मोठी ग्राहक मानली जाते आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकर्ता किंवा पुनश्चक्रणकर्ता यांच्याकडेच सोपवावयाचा असतो. शासकीय यंत्रे देताना प्रथम निर्लेखनाची कार्यवाही पूर्ण करून सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी घेणे अगत्याचे आहे. डेडस्टॉक रजिस्टरमधून यंत्र वजा झाल्याखेरीज ते कार्यालयाबाहेर जाता कामा नये.

घेणाऱ्या संस्थेचे कर्तव्य

फुकट मिळते म्हणून वीस यंत्रे घेण्यापेक्षा गरजेची पाच घेणे शहाणपणाचे ठरेल. वीजपुरवठा, भूसंपर्कित जोडणी, धूळ व पावसापासून संरक्षण, यंत्र चालविणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि दुरुस्तीसाठी वार्षिक तरतूद यांचा विचार स्वीकारण्यापूर्वीच झाला पाहिजे. मिळालेले यंत्र संस्थेच्या नोंदवहीत दाखल करावे. ते कायमचे निकामी झाल्यावर कोणाकडे सोपवावयाचे, हेही हस्तांतरणाच्या वेळीच लेखी ठरवावे. अन्यथा आजची मदत उद्या गावाच्या उकिरड्यावर जळताना दिसेल आणि तिचा विषारी धूर वस्तीत पसरेल.

देणाऱ्याने यंत्र पारखून, पुसून व सुस्थितीत द्यावे, घेणाऱ्याने ते गरज ओळखून घ्यावे व सांभाळावे. या दोन्ही बाजू पाळल्या गेल्या, तर मागच्या खोलीतील अडगळ वाचनालयातील विद्यार्थ्याच्या आणि बचत गटाच्या भगिनीच्या उपयोगी पडू शकेल. त्यासाठी प्रत्येक कार्यालयाने आपल्या मागच्या खोलीचे दार उघडून तेथील यंत्रांची यादी करण्यापासून प्रारंभ करावा.