संख्येची पारख : मजकुराच्या फाइलमधून आकडे वाचताना घ्यावयाची दक्षता

संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगत असतो. मजकुराच्या फाइलमध्ये संख्या नसतात. तेथे केवळ अक्षरे असतात. इंग्रजी अंकांत लिहिलेले ‘८०’ आपल्या डोळ्यांना ऐंशी दिसते. फाइलमध्ये मात्र ती दोन चिन्हे असतात. पहिल्या चिन्हाचा संकेतांक ५६ आणि दुसऱ्याचा ४८. या चिन्हांपासून ऐंशी ही संख्या तयार करण्याचे काम आज्ञावलीला करावे लागते, आणि नेमक्या याच ठिकाणी चुका शिरतात. या विषयाचे महत्त्व आम्हांला पुस्तकातून कळले नाही, एका प्रसंगातून कळले. तो प्रसंग आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका देणगीदारांनी गरजू विद्यार्थ्यांसाठी साहाय्य देऊ केले. अटी दोनच होत्या : शेकडा गुण ६० वा अधिक असावेत आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,००,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे. कार्यालयात नाव, गुण व उत्पन्न अशी माहिती एका फाइलमध्ये टंकित केली गेली. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ‘सी’ भाषेत आज्ञावली लिहिली आणि क्षणार्धात यादी तयार झाली. आम्हां सर्वांना मोठा आनंद झाला. यादी फलकावर लागली.

दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीची आई गुणपत्रिका घेऊन आली. “सर, पोरीला ऐंशी टक्के हायेत, मग नाव कसं न्हाई?” एवढेच तिने विचारले. आम्ही फाइल उघडून पाहिली. तेथे ऐंशीच दिसत होते. बराच वेळ शोधल्यावर ध्यानात आले, की आठानंतर शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर टंकित झाले होते. आज्ञावलीने त्या मुलीचे गुण ८ धरले होते. मग आम्ही संपूर्ण फाइल तपासली, तेव्हा आणखी एक चूक निघाली. एका मुलाच्या पालकांनी आपले उत्पन्न प्रामाणिकपणे १,२०,००० असे लिहून दिले होते. आज्ञावलीने ते १ रुपया असे वाचले आणि त्याचे नाव यादीत घातले. मुलीचे नाव घालणे सोपे होते. लागलेले नाव काढावे लागत असल्याचे त्या मुलाला सांगणे आम्हांला फार जड गेले. चूक त्याची नव्हती, त्याच्या वडिलांचीही नव्हती. चूक आमची होती.

असे का घडले? ‘सी’ भाषेत ‘ए टू आय’ नावाचे एक जुने व सोपे फंक्शन आहे. ते मजकूर डावीकडून वाचू लागते, अंक मिळत राहतील तोवर पुढे जाते आणि अंक नसलेले चिन्ह येताच थांबते. तोवर जे हाती आले तेच उत्तर म्हणून देते. ‘ओ’ पाशी थांबले म्हणून ८ आले, स्वल्पविरामापाशी थांबले म्हणून १ आला. एकही अंक मिळाला नाही तर ते ० देते. म्हणजे ‘शून्य गुण’ आणि ‘येथे संख्याच नाही’ या दोन भिन्न गोष्टींना ते एकच उत्तर देते, आणि तक्रार मात्र कोठेच करीत नाही. देवनागरी अंकांत ‘८०’ लिहिले, तरी त्याचे उत्तर ० च येते. कारण देवनागरी आठाचा संकेतांक निराळा, २४१४ आहे, आणि ते त्यास अंक मानीत नाही. उलट ‘पायथन’ भाषेतील ‘इंट’ हे फंक्शन देवनागरी अंकही ओळखते व ८० देते. आपले साधन कशास संख्या मानते, हे जाणून घेणे ही पहिली दक्षता होय.

त्या प्रसंगानंतर आम्ही तपासणीच्या पायऱ्या ठरविल्या. त्या अशा :

पहिली पायरी ओळीची. प्रत्येक ओळ प्रथम मजकूर म्हणूनच पूर्ण वाचावी आणि तिचा क्रमांक जवळ ठेवावा. मागचीपुढची मोकळी जागा काढावी. मग रकाने वेगळे करून ते अपेक्षेइतकेच आहेत का, हे मोजावे. रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या फाइलमध्ये १,२०,००० ही एक रक्कम तीन रकान्यांत फुटते. रकाने मोजले तर ही गफलत तेथेच पकडली जाते.

दुसरी पायरी रूपाची. संपूर्ण मजकूर संख्या आहे का, हे पाहावे. आरंभी संख्या असणे पुरेसे नाही. ‘सी’ भाषेतील ‘स्ट्रटॉल’ हे फंक्शन आपण कोठे थांबलो ते सांगते. ते अगदी आरंभीच किंवा शेवटापूर्वी थांबले असेल, तर मजकूर नाकारावा. ‘पायथन’मधील ‘इंट’ अशा वेळी स्वतःच त्रुटी उपस्थित करते. ती पकडून नोंदवावी. ‘सी प्लस प्लस’मध्ये फाइलच्या प्रवाहातून थेट संख्या वाचताना एक चूक आली, की प्रवाह अपयशी अवस्थेत जातो. ती अवस्था पुसून उरलेली ओळ ओलांडल्याशिवाय पुढचे काहीच वाचले जात नाही. म्हणूनही आधी ओळ, मग संख्या हा क्रम बरा.

तिसरी पायरी मर्यादेची. ८०० ही संख्या खरी आहे, पण शेकडा गुण म्हणून खोटी आहे. येथे एक सूक्ष्म खाच आहे. ‘पायथन’चे दशांश वाचणारे ‘फ्लोट’ हे फंक्शन ‘नॅन’ हा शब्दही स्वीकारते. त्याचा अर्थच ‘संख्या नव्हे’ असा आहे. त्याची कोणत्याही संख्येशी लहानमोठेपणाची तुलना केली, तर उत्तर ‘असत्य’ येते. म्हणून ‘० पेक्षा कमी वा १०० पेक्षा अधिक असल्यास नाकारा’ असे लिहिले, तर ‘नॅन’ सुखरूप आत शिरते. ‘० ते १०० यांच्यामध्ये असेल तरच स्वीकारा’ असे लिहिले, तर ते बाहेर राहते. वाचताना दोन्ही वाक्ये सारखी वाटतात. परिणाम मात्र वेगळा होतो.

चौथी पायरी अर्थाची. एका विद्यार्थ्याला तीन चाचण्यांत ६०, ७० व ८० गुण मिळाले आणि एका चाचणीस तो आजारपणामुळे गैरहजर होता. गैरहजेरीस शून्य धरले, तर सरासरी ५२.५ येते, दिलेल्या चाचण्यांचीच धरली, तर ७० येते. यांतील योग्य कोणती, हे नियम करणाऱ्या माणसांनी ठरवावे. ते आज्ञावलीने परस्पर ठरवू नये. त्याचप्रमाणे पिन कोड, बँक खात्याचा क्रमांक, आधार क्रमांक हे अंकांत लिहिलेले असले, तरी त्यांची बेरीज कोणी करीत नाही. ते मजकूर म्हणूनच ठेवावेत. नाहीतर खाते क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळून पडतात. त्यांची तपासणी लांबीवरून व तपासणी-अंक असल्यास त्यावरून करावी. आधारच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक व्हरहोफ पद्धतीचा तपासणी-अंक आहे. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तरी तो चूक दाखवून देतो.

अर्थात एककही येते. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचताना नष्ट झाले. त्याच्या छोट्या इंजिनांच्या आवेगाची माहिती एक आज्ञावली फाइलमध्ये लिहीत होती आणि दुसरी ती वाचीत होती. लिहिणारी पौंड-सेकंदांत लिहीत होती, वाचणारी न्यूटन-सेकंद समजत होती. फरक सुमारे ४.४५ पटींचा. फाइलमधील प्रत्येक आकडा रूपाने निर्दोष होता. पण अर्थ कोणी पडताळला नव्हता.

आता प्रश्न उरतो, की चूक सापडल्यावर काय करावे? आज्ञावली तेथेच बंद पाडू नये आणि चुकीची ओळ गुपचूप गाळूही नये. ओळीचा क्रमांक, मूळ मजकूर व नाकारण्याचे कारण यांची वेगळी यादी करावी. शेवटी ताळा करावा : वाचलेल्या ओळी म्हणजे स्वीकारलेल्या अधिक नाकारलेल्या. कोठीघरात आलेले धान्य हे खर्ची पडलेल्या व शिल्लक धान्याच्या बेरजेइतके असावे लागते, तसाच हा हिशेब. आणि ‘ओ’ म्हणजे शून्यच असेल, असे अनुमान करून आज्ञावलीने दुरुस्ती करू नये. गुणपत्रिका पाहून माणसाने ती करावी.

नव्या आज्ञावलीने तीच फाइल पुन्हा वाचली, तेव्हा दोन्ही ओळी क्रमांकासह नाकारलेल्यांच्या यादीत आल्या. गुणपत्रिका व उत्पन्नाचे दाखले समोर ठेवून आम्ही त्या दुरुस्त केल्या आणि मगच यादी पाठविली. तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली आहे. कोणतीही यादी फलकावर लावण्यापूर्वी नाकारलेल्या ओळींची यादी मोठ्याने वाचली जाते आणि ताळा जुळल्याखेरीज कोणी सही करीत नाही. आमचे अनेक माजी विद्यार्थी आज बँकांत, दवाखान्यांत, शासकीय कचेऱ्यांत आकड्यांचे काम करीत आहेत. त्यांच्यापुढील प्रत्येक ओळीच्या पलीकडे कोणीतरी गुणपत्रिका हाती धरून उभे असते. ते दारापर्यंत येऊन विचारील, याची वाट न पाहता आपणच आधी पडताळून पाहावे, एवढीच आमची त्यांना विनंती आहे.