नवं म्हणून घेतलेलं रिव्हॉल्व्हर

कोलंबस, ओहायो

चि. सायली हिस,


तुझा मेसेज आणि फोटो मिळाले. फोन केला असता, पण तू इतकी भडकलेली होतीस की माझं निम्मं बोलणं कानाआड गेलं असतं. म्हणून लिहितोय. सावकाश वाच, हाताशी एक टॉर्च ठेव. आणि वाचायला बसण्याआधी सिलिंडर बाहेर काढून काडतुसांची सगळी घरं रिकामी आहेत ना ते बघ. काल रात्री बघितली होतीस, ठाऊक आहे. तरी बघ.

तुझं म्हणणं असं, की नव्याचे पूर्ण पैसे मोजून स्मिथ अँड वेसनचं ६८६ घेतलं आणि घरी येऊन पाहते तर सिलिंडरच्या तोंडावर घरांभोवती काळी कडी, बाहेरच्या अंगावर गोल फिरलेली रेघ, आणि नळीतून फिरवलेलं पांढरं फडकं काळं होऊन बाहेर आलं. तेव्हा कुणीतरी वापरून परत केलेला माल दुकानदारानं तुझ्या गळ्यात मारला. तसं झालंही असेल. पण या तीन गोष्टींवरून ते ठरत नाही. या तिन्ही गोष्टी कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या रिव्हॉल्व्हरवरही दिसतात.

मडकं आपण दुकानात वाजवून घेतो. बंदुकीचं मडकं कारखानदार विकण्याआधीच वाजवतो. साताऱ्याला तुझ्या आजोबांचं इंग्रजी वेब्ले रिव्हॉल्व्हर आहे ना, दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायला लागायचं ते? त्याच्या नळीवर आणि सिलिंडरवर बारीक ठसे आहेत, ते याच परीक्षेचे. इंग्लंडात नेहमीपेक्षा जास्त दारूचं काडतूस झाडून नळी टिकते का ते पाहिल्याशिवाय हत्यार विकायला कायद्यानं बंदी आहे. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला त्यासाठी १६३७ मध्ये राजाची सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं परीक्षणगृह १८१३ मध्ये संसदेच्या कायद्यानं उभं राहिलं. अमेरिकेत असं कायद्यानं चालणारं परीक्षणगृह नाही, ही परीक्षा कंपन्या स्वतःच घेतात. घेतल्यावर घासूनपुसून लख्ख करण्यात त्या वेळ घालवत नाहीत. तेलाचा हात फिरवतात आणि डब्यात घालतात. तुझ्या फडक्यावर आलेली काजळी बहुधा तिथलीच.

दुकानात कधी जुना साठा बघितलास तर डब्यात एक सीलबंद लिफाफा आणि त्यात एक झाडलेली पुंगळी सापडेल. त्यानंही दचकू नकोस. न्यूयॉर्कात २००१ पासून २०१२ पर्यंत आणि मेरीलँडमध्ये २००० पासून २०१५ पर्यंत नव्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची एक पुंगळी सरकारदरबारी जमा करावी लागे, म्हणजे पुढे गुन्ह्याच्या जागी तसली पुंगळी मिळाली तर ठसे जुळवता येतील. कोट्यवधी डॉलर त्यात गेले आणि हाती जवळजवळ काही लागलं नाही, म्हणून दोन्ही राज्यांनी ते गुंडाळलं. पण त्या काळातले लिफाफे अजून कुठेकुठे निघतात.

आता ती रेघ. सिलिंडरच्या खाली चौकटीतून एक छोटा खटका वर डोकावतो. घर नळीसमोर आलं की तो सिलिंडरच्या खाचेत बसतो आणि सिलिंडर जागच्या जागी अडकतं. स्मिथ अँड वेसनच्या रचनेत हा खटका खाच यायच्या बराच आधी सुटतो आणि उरलेला रस्ता सिलिंडरच्या अंगावर घासत जातो. काउंटरवर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकानं दोनचारदा चाप ओढून बघितला तरी रेघ पडते. त्यासाठी एकही काडतूस लागत नाही. रेघेपेक्षा खाचांच्या कडा बघ. त्या ठोकल्यासारख्या, बाहेर फुगलेल्या दिसल्या, तर कुणीतरी ते भराभर आणि पुष्कळ चालवलंय. सिनेमात हिरो मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करतो ना, त्या माकडचाळ्यानं सिलिंडरला धरणारा दांडा वाकतो. दुकानात तसं करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या मागून ते रिव्हॉल्व्हर कोणी विकत घेतलं असेल याची मला कायम काळजी वाटते.

काळ्या कड्यांचंही तेच. पहिल्या काही गोळ्यांतच त्या उमटतात आणि स्टेनलेसवरून सहजासहजी जात नाहीत. सहा झाडल्या की साठ, हे त्या सांगत नाहीत. मला उलट भीती वाटली असती ती सिलिंडरचं तोंड आरशासारखं चकचकीत आणि बाजूचं अंग मात्र मूळच्या मंद पोताचं दिसलं असतं तर. कारखान्यात कोणी तेवढाच भाग घासत बसत नाही. शिसं काढायचं फडकं घेऊन कुणीतरी मेहनत केली, याचा अर्थ लपवण्यासारखं काही होतं. तुझ्या फोटोत तसं दिसत नाही, पण फोटोवर माझा भरवसा नाही.

मग बघायचं कुठे? पांढऱ्या कागदाचा कपटा घे, सिलिंडर बाहेर असताना नळीच्या मागच्या तोंडापाशी धर, त्यावर टॉर्च मार आणि नळीच्या पुढून आत बघ. कागदावरून परतणारा उजेड नळीभर पसरतो आणि सगळं दिसतं. आता उलट बाजूनं, सिलिंडर जिथून सुटतं तिथून, नळीचं मागचं तोंड बघ. गोळी घरातून उडी मारून याच नरसाळ्यासारख्या तोंडात शिरते. नव्यात त्याची कड धारदार आणि पृष्ठभाग एकसारखा असतो. पुष्कळ मॅग्नम काडतुसं झाडलेल्यात तो खरबरीत होतो, सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या बारीक भेगा दिसायला लागतात. तिथून नजर वर घे. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून दर गोळीला तापलेला वायू बाजूला फुटतो आणि चौकटीच्या वरच्या पट्टीवर आदळतो. काजळीचा पट्टा असेल तर सोडून दे. पण नख फिरवल्यावर अडकेल अशी कोरलेली रेघ असेल, तर शेकड्यांनी मॅग्नम झाडली गेली आहेत आणि ती कारखान्यात झाडलेली नाहीत.

सगळ्यात बोलकी खूण मात्र घरांच्या आत असते. तुझं रिव्हॉल्व्हर .३५७ मॅग्नमचं आहे, पण त्यात .३८ स्पेशल चालतं, आणि ते स्वस्त आणि कमी धक्क्याचं म्हणून सरावाला सगळे तेच वापरतात. दोन्हींची जाडी एकच, लांबीत साडेतीन मिलिमीटरच्या आसपास फरक. .३८ ची पुंगळी जिथे संपते तिथे घराच्या भिंतीवर कार्बनचं कडं साचत जातं. टॉर्च मागून मारलीस की ते अंगठीसारखं दिसेल. कापसाच्या काडीनं पुसून जात असेल तर काही नाही; पुसूनही जात नसेल तर कोणीतरी त्यातून .३८ चे डबेच्या डबे संपवलेत. पुंगळ्या बाहेर ढकलणारी चांदणी असते, ती दाबून धर आणि तिच्या खाली बघ. न जळलेल्या दारूचे कण, तेलात कालवलेला काळा राळ असं काही तिथे जमलेलं असेल तर तेही लिहून ठेव. वरवर साफ करणाऱ्याचा हात तिथपर्यंत पोचत नाही.

स्क्रूही बघ. उजव्या बाजूच्या पट्टीचे स्क्रू, त्यातला एक मुठीखाली दडलेला असतो. एखाद्याच्या खाचेचे ओठ फाटलेले असतील तर कोणीतरी बेताच्या स्क्रूड्रायव्हरनं ते उघडून आत हात घातलाय. माझ्या मते ही खूण काजळीच्या दहापट वाईट. तू मात्र ती पट्टी उघडायच्या भानगडीत पडू नकोस. चौकटीवरचा क्रमांक सिलिंडर बाहेर काढल्यावर दिसतो, तो डब्यावरच्या चिठ्ठीशी जुळतो का तेवढं पडताळ.

फीलर गेज असेल तर सिलिंडर आणि नळीमधली फट मोज, चार ते दहा थाऊमध्ये (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बसायला हवी. माझ्यासारख्या मशीनशॉपमध्ये आयुष्य काढलेल्याला मोजल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून सांगितलं. नवं की जुनं हे त्यावरून ठरत नाही. सिलिंडर पुढे-मागे हलवून बघ, ते जास्त उपयोगी. हाताला स्पष्ट जाणवेल इतकं सरकत असेल तर मॅग्नमचे धक्के खूप बसलेत.

या सगळ्याला मर्यादा आहे, तीही समजून घे. एखाद्यानं विकत घेतलं, रेंजवर एक डबा झाडला, आवडलं नाही म्हणून आठवड्यात परत दिलं, तर धातूवर त्याचा वेगळा ओळखू येईल असा माग राहत नाही. ते कागदावर सापडतं. तू खरेदीच्या वेळी ४४७३ नंबरचा फॉर्म भरलास ना, तसा त्यानंही भरलेला असणार. आणि दुकानदाराला प्रत्येक हत्यार कुठून आलं, कुठे गेलं याची वही ठेवावीच लागते. तेव्हा "हे वापरलेलं आहे का" असं विचारू नकोस, त्याला "नाही" म्हणणं सोपं आहे. "तुमच्या वहीत हे कोणाकडून आल्याचं लिहिलंय, घाऊक व्यापाऱ्याकडून की गिऱ्हाइकाकडून?" असं विचार. इथे उत्तर चुकवलं तर तेही उत्तरच.

उलट प्रकार रेंजवाल्या दुकानांचा. त्यांच्याकडे भाड्यानं द्यायची हत्यारं असतात. असलं रिव्हॉल्व्हर वहीत घाऊक व्यापाऱ्याकडून आलेलंच असतं, कागद अगदी स्वच्छ, पण त्यातून हजारो गोळ्या गेलेल्या असतात. ते वही पकडणार नाही. वर सांगितलेली नळी, वरची पट्टी आणि घरांतली कडी पकडतील. तुझ्या दुकानाला रेंज जोडलेली आहे असं तू लिहिलंस, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

आज-उद्या ते झाडू नकोस, आणि आणखी साफही करू नकोस. तू एक डबा संपवलास की पुढच्या वादात कुठली काजळी कोणाची ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. फोटो काढ, शक्यतो दिवसाच्या उजेडात, मागे डब्यावरची चिठ्ठी येईल असे. मग गर्दी नसलेल्या एखाद्या सकाळी दुकानात जा. रिकामं, केसमध्ये बंद, आणि केस उघडायच्या आधी काउंटरवरच्या माणसाला सांग की आत रिव्हॉल्व्हर आहे. आवाज चढवू नकोस. इंटरनेटवर एक तारा देऊन ठेवायची जी घाई तुला झाली आहे ती आवर. खरं निघालं तर तारा नंतरही देता येतो, खोटं निघालं तर परत घेताना लाज वाटते. खुणा पक्क्या असतील तर बदलून माग, किंवा नव्या-जुन्याच्या किमतीतला फरक माग. दुकानदारानं ऐकलं नाही तर कंपनीला क्रमांक कळव. ते कधी कारखान्याबाहेर पडलं याचा अंदाज त्या लोकांकडून मिळतो. दोन वर्षं काचेखाली पडून होतं असं निघालं तर रेघेचं कोडंही सुटेल.

आणि सगळं ठीक निघालं, जे मला जास्त संभवनीय वाटतं, तर सुरुवात .३८ नं कर. मनगटाला सवय होऊ दे. फक्त त्याच दिवशी .३५७ घालायची हुक्की आली तर आधी सगळ्या घरांतून ब्रश फिरव, नाहीतर ती लांब पुंगळी कार्बनच्या कड्यात अडकेल आणि तू पुन्हा मला चिडून मेसेज करशील.

तुझा,
नंदूमामा