मॅनिफोल्डपाशी तेल का पाझरते?

ऊसतोडणी सुरू झाली की आमच्या मुरुम भागातील रस्त्यांवर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर दिसू लागतात. त्यांपैकी एखाद्याचे इंजिन जवळून पाहा. सिलिंडरच्या हेडला बोल्टांनी जोडलेली, फाटे फुटलेली एक धातूची नळी तुम्हाला दिसेल. तिच्यातून इंजिन हवा आत घेते. हाच इनटेक मॅनिफोल्ड. पुष्कळदा त्याच्या जोडापाशी तेलाचा काळा, धुळीने माखलेला ओघळ असतो. मालक फिटरकडे जातो. फिटर जोड उघडतो, जुने पॅकिंग खरवडतो, नवे बसवतो, बोल्ट आवळतो. पंधरा दिवसांनी ओघळ पुन्हा हजर! मग जाड पॅकिंग, जास्त शेलॅक, लांब दांड्याचा पाना. ओघळ काही हटत नाही.

अशा वेळी पाना खाली ठेवून एक प्रश्न विचारावा. इंजिन चालू असताना मॅनिफोल्डच्या आत दाब किती असतो?

समजा, तीन सिलिंडरांचे मिळून आकारमान अडीच लिटर आहे आणि इंजिन मिनिटाला २००० फेरे घेते. चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतो. म्हणजे मिनिटाला १००० वेळा अडीच लिटर, एकूण सुमारे २५०० लिटर हवा या नळीतून ओढली जाते. वाटेत एअर क्लीनरचा अडथळा असतो. त्यामुळे नळीतील दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा थोडा कमीच राहतो. मग जोडाला फट असेल तर काय होईल? बाहेरची हवा आत शिरेल. आतले तेल बाहेर येणार नाही. बारीक भोक पडलेल्या नळीने शहाळ्याचे पाणी पिऊन पाहा. भोकातून हवा आत येते, पाणी बाहेर गळत नाही. (टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात मात्र हवा दाबून भरतात. तेथे हे गणित उलटते.)

मग ते तेल आले कोठून?

बहुतेक वेळा वरून. मॅनिफोल्डच्या वरच्या बाजूस टॅपेट कव्हर असते आणि त्याखाली वंगणतेल सतत उडत असते. कव्हरच्या कडेतून निसटलेले तेल हेडवरून ओघळते आणि मॅनिफोल्डच्या काठावर अडकते. दोन पृष्ठभागांमधील बारीक फटीत केशाकर्षणाने ते पसरते, धूळ धरते. पाहणाऱ्याला वाटते, गळती येथेच आहे!

आता कव्हरमधून तरी तेल का निसटावे? याचे उत्तर इंजिनाच्या तळाशी सापडते. दट्ट्यावर रिंगा असल्या तरी सिलिंडरमधील जळता वायू थोडासा त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये जातोच. त्याला बाहेर पडण्यासाठी ब्रीदर नावाची नळी ठेवलेली असते. ब्रीदर मळीने तुंबला, किंवा रिंगा झिजून वायू जास्त येऊ लागला, की क्रँककेसमध्ये दाब साठतो. क्रँककेस आणि टॅपेट कव्हर यांच्यामध्ये मार्ग असतो, म्हणून तोच दाब कव्हरवरही पडतो. हा दाब पाण्याच्या फक्त १० सेंटिमीटर स्तंभाइतका धरा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० ग्रॅम. कव्हर ४० सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद असेल, तर क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर आणि एकूण जोर ६ किलोग्रॅम! एवढा जोर पत्र्याच्या कव्हरला आतून सतत वर लोटत असेल, तर बिचाऱ्या पॅकिंगने काय करावे?

जुन्या विहिरींवरील एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनांत यावर एक सुरेख युक्ती असे. (खडकीची किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली, तिची इंजिने तुमच्या आजोबांच्या चांगल्या परिचयाची असतील.) अशा अनेक इंजिनांच्या ब्रीदरमध्ये एक पातळ चकती असते. दट्ट्या खाली आला की ती उघडते व हवा बाहेर जाते. दट्ट्या वर गेला की ती मिटते व हवा परत येऊ शकत नाही. त्यामुळे क्रँककेसमध्ये किंचित ऋण दाब राहतो आणि तेल बाहेर पडण्याऐवजी आतच ओढले जाते. ही चकती हरवली किंवा उलटी बसली, तर इंजिन सगळीकडून तेल गाळू लागते.

काही इंजिनांत ब्रीदरची नळी मॅनिफोल्डलाच जोडलेली असते. तेथे तेलाचे धुके मॅनिफोल्डमध्ये जाऊन त्याच्या तळाशी साचते. इंजिन चालू असेतो जोड कोरडा. बंद करून रात्रभर ठेवले की सकाळी ओला. ऑईल-बाथ एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर तेल भरले तरी ते असेच ओढले जाते. हे प्रकरण ओघळापुरते राहत नाही. पुरेसे तेल आत गेले, तर डिझेल इंजिन त्याच तेलावर आपोआप पळू लागते आणि डिझेल बंद केले तरी थांबत नाही. मग हवेचा मार्ग बंद करणे हाच उपाय उरतो, आणि तोही हाताने नव्हे, पाटासारख्या जाड सपाट वस्तूने.

शोध घेण्याची रीत सोपी आहे, पण घरातील मोठे माणूस किंवा फिटर जवळ असल्याशिवाय ती करू नका. फिरता पंखा व पट्टा बोट सोडत नाहीत. इंजिन थंड असताना तो भाग रॉकेलने किंवा डिझेलने पुसून पूर्ण कोरडा करावा. त्यावर टाल्कम पावडर हलकेच लावावी. रांगोळी नको, ती दगडाची पूड असते आणि इंजिनात गेली तर रिंगा खाईल. मग इंजिन दहा मिनिटे चालवून बंद करावे आणि ओल्या पट्ट्याचे सर्वांत वरचे टोक शोधावे. पाणी काय आणि तेल काय, उताराकडेच वाहणार.

क्रँककेसचा दाब मोजायचा असेल तर पारदर्शक नळीचा इंग्रजी यू अक्षरासारखा दाबमापक करता येतो. त्यात रंगीत पाणी घालून एक टोक ऑईल मोजण्याच्या गजाच्या भोकात रबरी बुचाने घट्ट बसवावे. नळीच्या भुजा चांगल्या लांब ठेवाव्यात, नाहीतर पाणी इंजिनात जाईल. दोन पातळ्यांतील फरक ब्रीदर साफ करण्यापूर्वी व नंतर टिपून पाहा. साफ करूनही फरक मोठाच राहिला, तर रिंगा संशयित.

जोड खरोखरच सैल असेल, तर धोका तेलाचा नसून धुळीचा आहे. आमची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. एअर क्लीनर चुकवून फटीतून शिरलेली ही धूळ रिंगा व लायनर घासते, वायू जास्त निसटतो, क्रँककेसचा दाब वाढतो आणि कव्हर गळू लागते. ऐन हंगामात इंजिन खोलावे लागले तर ट्रॅक्टर बसून राहतो. म्हणून मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सपाट आहे की नाही, हे सरळ पट्टी व फिलर गेजने तपासल्याशिवाय नवे पॅकिंग लावू नये. जोर लावून आवळल्याने वाकलेला पृष्ठभाग सरळ होत नाही, उलट कान तुटतो.

ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड बिडाच्या हेडवर असेल तर आणखी एक गोष्ट. तापमान १ अंशाने वाढले की बिडाची लांबी दशलक्षात सुमारे ११ भागांनी वाढते, ॲल्युमिनियमची सुमारे २३. मॅनिफोल्ड ४० सेंटिमीटर लांब असेल व दोन्ही ५० अंशांनी तापले, तर त्यांच्या वाढीत जवळजवळ पाव मिलिमीटरचा फरक पडतो. रोजच्या तापण्या-निवण्यात पॅकिंग तेवढे घासले जाते. म्हणून बोल्ट मधल्यापासून कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, कंपनीच्या पुस्तकातील मापानेच आवळतात.