विवाहाची तयारी कोणाच्या आवडीने करावी?

अभ्यासाचे उतारे : उत्पत्ति २४:५०-६७, लूक १४:२८-३०, योहान २:१-११



सुगी आटोपली म्हणजे खेडोपाडी लग्नसराई सुरू होते, आणि उपदेशक बंधूंपुढे दरवर्षी तोच पेच उभा राहतो. मुलगा व मुलगी म्हणतात, आमचा विवाह आमच्या मनाजोगता व्हावा. वडील मंडळी म्हणतात, चार लोकांत शोभेल असा व्हावा. भावकी म्हणते, अमक्याच्या घरी झाला त्याहून एक पाऊल पुढे व्हावा. उपदेशक बिचारा मध्ये सापडतो व 'तुम्ही आपसांत ठरवा' एवढे बोलून आपली सायकल काढतो. हे बरे नव्हे. ज्या घरी विवाह ठरला असेल त्या घरी, दोन्हीकडील माणसे एकत्र बसवून, हा पाठ एकदा वाचावा, अशी त्यांना विनंती आहे. वाचताना वधू आत चुलीपाशी राहू नये, ती सर्वांमध्ये बसलेली असावी.

पहिल्या उताऱ्यात रिबकेचे लग्न ठरते. अब्राहामाचा सेवक दहा उंट घेऊन येतो, लाबान व बथुवेल रुकार देतात, दागिने व वस्त्रे काढली जातात, जेवणे होतात. सोयरिक वडिलांनीच ठरवली, हे लक्षात असू द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एक अडचण उभी राहते. सेवकाला लगेच निघावयाचे आहे, आणि आई व भाऊ म्हणतात की मुलीने निदान दहा दिवस तरी राहावे. भांडण म्हणावे असे काही नाही, केवळ निघण्याच्या दिवसाचा प्रश्न आहे. अशा वेळी घरची माणसे काय करतात? मुलीला बोलावून तिलाच विचारतात. ती एका शब्दात उत्तर देते, आणि तिच्या शब्दाप्रमाणे होते.

आपल्याकडे नेमके याच्या उलट घडते. 'मुलगा पसंत आहे ना?' एवढे विचारून आपण आपले कर्तव्य संपले असे मानतो. तारीख, वस्त्र, जेवण, गाणी, कोणाला बोलवावे आणि वरात असावी की नसावी, यांतील एकही गोष्ट तिला कोणी विचारीत नाही. मागे एका गावी परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलीचे लग्न तिच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धरले होते, कारण मांडववाला त्याच दिवशी मोकळा होता! मांडववाल्याची सोय पाहिली गेली, वधूची नाही. तिने ते मुकाट्याने सोसले, ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे.

याच अध्यायात आणखी एक गोष्ट आढळते. विवाहाचा विधी कसा झाला, याविषयी तेथे एक अक्षरही नाही. इसहाकाने तिला आपल्या आईच्या तंबूत आणले आणि त्याचे तिच्यावर प्रेम जडले, इतकेच सांगितले आहे. त्याला दुरून पाहताच रिबकेने तोंडावर आच्छादन घेतले, ते तिच्या देशाच्या रीतीप्रमाणे. शास्त्राने विवाहाचा पोशाख, बाजा किंवा जेवण यांचा कोणताही ठरावीक नमुना घालून दिलेला नाही. ज्या बाबतीत शास्त्र मोकळे ठेवते त्या बाबतीत आपणही मोकळे असावे.

येथे कित्येक बंधू थबकतात. 'पांढरे पातळ, अंगठी आणि बाजाची कूचगत हे ख्रिस्ती. हळद, मंगळसूत्र आणि मुंडावळ्या हे परके,' अशी सरळ विभागणी त्यांच्या मनात पक्की झालेली असते. परंतु थोडा शोध केला तर काय दिसते? विलायतेत पूर्वी वधू नाना रंगांची वस्त्रे लेत असत. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिने १८४० साली आपल्या लग्नात पांढरे वस्त्र घातले, आणि त्यानंतर ती चाल फैलावली. पियानोवर जी विवाहाची कूचगत वाजवतात ती मेंडेलसन नावाच्या जर्मन संगीतकाराने १८४२ साली एका नाटकासाठी रचली, उपासनेसाठी नव्हे. १८५८ साली व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्येच्या लग्नात ती वाजली व लोकप्रिय झाली. अंगठीची चाल तर त्याहून जुनी. रोमी लोकांत वाग्दानाच्या वेळी लोखंडाची अंगठी देत असत, आणि ते लोक तेव्हा मूर्तिपूजकच होते. मंडळीने ती चाल उचलली व तिला विश्वासूपणाचा अर्थ दिला. मग आपल्या मंगळसूत्रात क्रूस ओवून आपल्या आयाबहिणींनी तेच केले, तर त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

मी हे लिहितो ते लाजून लिहितो. माझ्या सेवेच्या पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या आजीने नातीच्या गालाला हळद लावली, म्हणून मी तिला सर्वांदेखत बोललो. ती आजी ओव्या गात होती, आणि त्या ओव्यांत मुलीच्या सासरची वाट, तिच्या आईचे डोळे व प्रभूचे नाव यांवाचून दुसरे काही नव्हते. माझ्या बोलण्याने ती गप्प झाली. पुढे लग्न झाले, परंतु त्या मांडवात पुन्हा कोणी गायिले नाही. नारायण वामन टिळकांनी याच देशी चालींवर आपल्या मंडळ्यांना गावयास शिकवले, त्यांची गीते आपण दर रविवारी गातो, आणि तरीही मला ती ओवी ऐकू आली नाही! आता मी वधूवरांना एवढेच विचारतो : ही चाल तुम्ही का पाळता, हे तुम्हांला सांगता येते काय? मुहूर्ताच्या भीतीने, दृष्ट लागेल म्हणून किंवा कोणत्या देवतेसाठी ती पाळत असाल, तर सोडा. आजीच्या मायेपोटी असेल, तर राहू द्या. 'सगळेच करतात म्हणून' असे उत्तर आले, तर ती चाल देशी असो की विलायती, तिच्यावर पैसा घालण्यापूर्वी एक रात्र विचार करा.

आपल्या मनाप्रमाणे विवाह रचण्याची गोष्ट महाराष्ट्रास नवी नाही. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुरोहितावाचून पहिला विवाह लावला. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू व वर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी मागणे करते आणि वर सर्वांसमोर त्यास वचन देतो. लोक हसले, नातलगांनी विरोध केला, तरी विवाह झाला. तेथे वधूला तोंड होते. आपल्या कित्येक मंडळ्यांत वचनाच्या वेळी वधूचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोहोचत नाही, आणि त्यालाच आपण विनय म्हणतो!

कोणी विचारील, मग वचनाचे शब्दही वधूवरांनी स्वतः रचावे काय? माझे मत, नाही. गीत त्यांचे असो, वाचनाचा उतारा त्यांचा असो, वधूला वडिलांनी आणावे की आईने की दोघांनी, हेही त्यांनी ठरवावे. परंतु वचन हे जसे त्यांच्या आजोबांनी घेतले व नातवंडे घेतील तसेच असावे, कारण आजारपणात व दुष्काळात मनुष्याला स्वतःचे सुंदर शब्द आठवत नाहीत, पाठ झालेले आठवतात. मात्र विवाहाच्या आठ दिवस आधी ते वचन दोघांकडून मोठ्याने वाचून घ्यावे व त्याचा अर्थ विचारावा.

कायद्याच्या काही गोष्टी मात्र आवडीनिवडीच्या बाहेर आहेत. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे विवाह सकाळी सहा ते सायंकाळी सात यांच्या दरम्यान लावावयाचा असतो, आणि विवाह लावणाऱ्याखेरीज निदान दोन विश्वासपात्र साक्षीदार लागतात. वराचे वय एकवीस व वधूचे अठरा पूर्ण असले पाहिजे. हे शाळेच्या दाखल्यावरून पाहावे, 'दुष्काळाच्या साली जन्मली' यावरून नव्हे. वेळेच्या बाबतीत आपले लोक फारच ढिले आहेत. एकदा वरात पारापाशी नाचत राहिली आणि मी उपासनामंदिरात घड्याळाकडे पाहत बसलो. सातला बारा मिनिटे उरली असता वर धापा टाकीत आला. वचने झाली, पण गीत राहिले, उपदेश राहिला, आणि वधूने महिनाभर ज्या स्तोत्राचा सराव केला होता तेही राहिले. नाचणाऱ्यांना त्याची खंत नव्हती. वधू मात्र रडली.

हुंड्याविषयी थोडेच लिहितो. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे व घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि शिक्षा सामान्यतः पाच वर्षांहून कमी नाही. 'हौसेने दिले' असे म्हणून मोटारसायकल दाराशी उभी केली, तरी ज्याने मागितली त्याला व ज्याने दिली त्याला खरे काय ते ठाऊक असते.

आता दुसरा उतारा. बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. यातील 'बसून' हा शब्द फार मोलाचा आहे. आपले लग्नाचे खर्च उभ्याउभ्या ठरतात. बाजारात एक जण भेटतो, तो लॉनचे नाव सांगतो. दुसरा भेटतो, तो डीजेचे. तिसरा म्हणतो, विवाहापूर्वीची छायाचित्रे तलावाकाठी काढलीच पाहिजेत. कोणीही वही घेऊन बसत नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात वडिलांनी घोडा आणला होता. मी तो मागितला नव्हता, आणि मला घोड्यावर बसताही येत नव्हते. त्या घोड्याचे, बँडचे व साडेचारशे पानांचे कर्ज फेडण्यास आम्हांला चार वर्षे लागली, आणि दुसऱ्या वर्षी माझ्या पत्नीच्या बांगड्या गेल्या. वडिलांना मी कधी काही बोललो नाही. त्यांनी ते प्रेमानेच केले होते. पण लग्नाआधी त्यांनी एकदा विचारले असते, तर मी सांगितले असते की मला पायी चालत जावयाचे आहे.

तिसऱ्या उताऱ्याचा आधार खर्चाच्या बाजूने पुष्कळ जण घेतात. काना गावी सहा दगडी रांजण होते, प्रत्येकात दोन-तीन मेत्रेत पाणी मावे, आणि एक मेत्रेत म्हणजे सुमारे एकोणचाळीस लिटर. तेव्हा सर्व मिळून पावणेपाचशे ते सातशे लिटर द्राक्षारस झाला. 'प्रभूने जर इतके पुरवले, तर आपण हात का आखडावा?' असा प्रश्न एका उपदेशक बंधूने मला केला होता. मी म्हटले, बंधो, त्या वराने कर्ज काढले, असे कोठे लिहिले आहे? त्या घरी उणे पडले, आणि उणे पडणे हे पाप ठरले नाही. मरियेने ते पाहिले तेव्हा मांडवभर बोभाटा केला नाही, ज्याला सांगावयाचे त्यालाच हळू सांगितले. चाकरांना ठाऊक होते, भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हते. त्या घराची लाज झाकली गेली. मंडळीने शेजाऱ्याच्या लग्नात काय करावयाचे, ते येथे आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याच भागात एक विवाह झाला, त्याचा वृत्तान्त सांगतो. मुलगा प्राथमिक शाळेत शिक्षक, मुलगी शिवणकाम करणारी. दोघांनी मिळून वहीत लिहून आणले : विवाह सकाळी दहाला, गावच्या उपासनामंदिरात, वधूचे पातळ पांढरे नव्हे, फिक्या पिवळ्या रंगाचे, तिने स्वतः काठ लावलेले, डीजे नाही, टाळ, तबला व पेटी, जेवणास आमटी, भात, बुंदी आणि बाजरीची भाकरी. भाकरीचे नाव काढताच मुलाचे वडील उठून गेले. 'लग्नात भाकरी? लोक म्हणतील, याला गहू मिळाला नाही.' दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. त्यांचे दुःख खोटे नव्हते. त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्यांच्या वडिलांना भाकरीवाचून दुसरे काही देता आले नव्हते, आणि ती लाज ते तीस वर्षे वागवीत होते. हे मुलाला ठाऊक नव्हते. तिसऱ्या रात्री वडिलांनी ते सांगितले तेव्हा मुलाने वही मिटली व म्हणाला, 'दादा, पोळ्या करू.' नवल असे की, मग वडीलच म्हणाले, 'नको, भाकरीच राहू दे. पण पंगतीत मी वाढीन.'

मंडळीतील तीस घरांनी प्रत्येकी पंधरा भाकरी करून आणल्या. म्हणजे साडेचारशे भाकरी झाल्या, आणि इंधनाचा किंवा आचाऱ्याचा त्यांना एक पैसाही लागला नाही. शेजारच्या हिंदू व मुसलमान घरांतूनही टोपल्या आल्या, त्या हिशेबात नाहीत. वधूच्या आजीने हळद लावली व ओव्या गायिल्या. वचनाच्या वेळी वधूचा आवाज बाहेर उभ्या असलेल्या माणसांनाही ऐकू गेला. मुलाचे वडील टोपली घेऊन पंगतीतून फिरले, आणि ज्याने 'पुरे' म्हटले त्याच्याही पानात त्यांनी आणखी एक चतकोर टाकला.

दुसऱ्या दिवशी वधूवरांनी ती वही दोन्ही घरच्या माणसांपुढे वाचली. देणे कोणाचेही उरले नव्हते. आहेराचे जे पैसे आले त्यांतून शिवणयंत्राचा राहिलेला शेवटचा हप्ता भरला गेला, आणि त्याची पावती त्यांनी वहीच्या शेवटच्या पानास टाचून ठेवली आहे.