भिंतीवरची लाल खूण

हायवे इंजिनिअरिंगच्या तासाला आपण शीटवर मध्यरेषा आखतो आणि दोन्ही बाजूंना हद्दरेषा मारतो. पाच मिनिटांचे काम! पण ती रेषा कोणाच्या चुलीवरून जाते, हे मला आत्याच्या घरी कळले.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. एक वडकी, पांढरकवड्यावरून जाणारा ४४ (जुना ७) आणि दुसरा कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा तुळजापूर-बुटीबोरी ३६१. आत्याचे घर या दुसऱ्या रस्त्याला लागून. चौपदरीकरणाच्या वेळी एके दिवशी मोजणीवाले आले आणि भिंतीवर लाल खूण करून गेले. ओटा आणि पुढची खोली हद्दीत!

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ प्रमाणे याच्या पायऱ्या अशा. कलम ३-अ ची अधिसूचना निघते, तिचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो. तेव्हापासून २१ दिवसांत हरकत घ्यायची. पुढे ३-ड ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारची. मग मोबदला ठरतो आणि ताबा सोडायला ६० दिवसांची नोटीस येते. मोबदला मान्य नसेल तर लवादाकडे दाद मागता येते.

कागदावर सगळे चोख. पण वर्तमानपत्रात छापतात गट नंबर, आणि आत्याला घर ओळखू येते ते कडुनिंबावरून. तिला कळेपर्यंत २१ दिवस उलटून गेले. घर अजून वारलेल्या सासऱ्याच्या नावावर, वारस चार. सह्या जमेपर्यंत मोबदला अडकला, बुलडोझर मात्र अडकला नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या व पुनर्वसनाच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांनाही लागू आहेत. बाजारभावावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. संपूर्ण विस्थापित कुटुंबाला वाहतुकीचे ५० हजार आणि वर्षभर दरमहा ३ हजार रुपयांची तरतूद आहे. आत्याचे अर्धे घर उरले, म्हणून ती विस्थापितही ठरली नाही.

मी विचारले, "आत्या, पैसे भेटले ना शेवटी?"

"भेटले ना बाबू. पण ज्या ओट्यावर तुहे मामाजी बसत, त्याचा भाव कोन्त्या कागदात हाय?"

उरलेल्या घराची गत वेगळीच. भराव टाकून रस्ता जोत्यापेक्षा उंच झाला, आता पावसाचे पाणी घरात शिरते. हा दोष कायद्याचा नाही, आपल्या धंद्याचा आहे. लेव्हल घेताना शेजारच्या जोत्याची लेव्हल कोणी घेतलीच नव्हती.

२०१३ च्या कायद्याचे कलम २९ सांगते की इमारतीची किंमत ठरवायला जाणकार अभियंत्याची मदत घेता येते. उद्या तो अभियंता तुमच्या-माझ्यातलाच असेल. तेव्हा टेप लावण्याआधी घरातल्या माणसाला त्याचा गट नंबर सांगा, हरकतीची मुदत सांगा, आणि वारसाची नोंद झाली का ते विचारा. सुट्टीत गावी गेलात तर आपल्या घराचा उतारा आधी काढून बघा. लाल खूण सांगून येत नाही.