गोधडीतला टाका कुणासाठी?



थंडी जवळ आली की अनेक ठिकाणी मित्रमंडळी एकत्र बसून जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात आणि उघड्यावर झोपणाऱ्यांना, मोठ्या रुग्णालयांबाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना नेऊन देतात. काम साधे दिसते. पण चार-सहा जण एकाच कापडाभोवती बसले की मनाची परीक्षा सुरू होते. या आठवड्याचा आपला स्वाध्याय तिच्याविषयी आहे.

पहिली परीक्षा कपाटापाशी होते. आपण काय काढून देतो? बहुतेक घरांतून आधी बाहेर येते ती न आवडलेली सिंथेटिक साडी, कारण ती फाटत नाही आणि नेसवतही नाही. पण असे कापड घाम शोषत नाही. शेकोटीची ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटते, आणि रस्त्यावर झोपणारा माणूस शेकोटीजवळच झोपतो. जरीचे काठही काढून टाका, ते अंगाला टोचतात. गोधडीला हवे असते अनेकदा धुऊन मऊ झालेले सुती कापड. म्हणजे नेमके तेच, जे आपल्याला आवडते आणि म्हणून आपण वापरून वापरून जुने केले. वाणिज्य शाखेत आम्हाला घसारा शिकवतात. त्या हिशेबाने वीस वर्षे नेसलेल्या साडीची किंमत शून्य. गोधडीच्या हिशेबात मात्र तीच सर्वांत मोलाची!

जुन्या कापडाचा हा मान देशभर दिसतो. आपण गोधडी किंवा वाकळ म्हणतो, उत्तर कर्नाटकात कौदी, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी. सुजनीत नवजात बाळाला जुन्या कापडाच्या तुकड्यांत गुंडाळण्याची रीत आहे. तिच्यामागे चितिरिया माँ, म्हणजे चिंध्यांची देवी, हिची श्रद्धा आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रिया गोधडीला कवंदी म्हणतात. त्या कडेपासून शिवत शिवत मध्यापर्यंत येतात आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. ऊब काही त्या फुलांनी वाढत नाही, तरीही ती लावली जातात. दान म्हणून शिवताना आपण ‘एवढे पुरे आहे’ असे म्हणतो, तेव्हा ही फुले आठवावीत.

दुसरी परीक्षा टाक्याची, आणि ती जास्त कठीण आहे. कापड एकदा दिले की हातातून सुटते, टाका मात्र डोळ्यांसमोर राहतो. कुणाचा टाका बारीक, कुणाचा वाकडा, कुणाचा बोटभर लांब. एखादी मैत्रीण मनापासून शिवते, पण तिचे टाके लांब पडतात. ते उसवावेत का? तिचे मन दुखेल म्हणून गप्प बसावे का?

माझे मत असे : टाका वाकडा असेल तर हात लावू नये. वाकड्या टाक्याने कुणाला थंडी वाजत नाही. तो खटकतो फक्त आपल्या नजरेला, आणि ती नजर सुधारण्याचे काम आपले. पण लांब टाक्यात रात्री लहान मुलाच्या पायाचे बोट अडकते, बांगडी अडकते, दोरा तुटतो आणि आतले थर गोळा होतात. तो उसवावाच, पण तिच्याशेजारी बसून, तिच्याच हाताने. आपण खरे बोलायचे टाळतो तेव्हा मैत्री सांभाळल्याचे समाधान आपल्याला मिळते आणि त्याची किंमत तिसराच कुणीतरी मोजतो, ज्याला आपण कधी भेटणारही नाही.

बौद्ध परंपरेत या मनोवृत्तीसाठी एक सुंदर विधी आहे. वर्षावास संपल्यावर, पुढच्या कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या महिन्यात ‘कठिन’ होते. दान आलेल्या कापडाचे चीवर संघातले भिक्षू मिळून धुतात, कापतात, शिवतात, रंगवतात. सगळे दुसऱ्या दिवशीच्या पहाटेआधी पूर्ण व्हायला हवे. इतक्या हातांनी शिवलेले चीवर शेवटी संघाने ठरवलेल्या एकाच भिक्षूला मिळते आणि बाकीचे त्याचे अनुमोदन करतात. अनुमोदन म्हणजे दुसऱ्याला मिळाले याचा मनापासून आनंद. मला हा शब्द ‘त्याग’पेक्षाही जवळचा वाटतो, कारण त्यात कुढणे नाही.

म्हणून गोधडीवर मंडळाचे नाव भरू नका. पांघरणाऱ्याने रोज रात्री आपले नाव अंगावर का घ्यावे?

आता करायचे काय ते सांगतो. साडेपाच मीटरच्या साडीची लांबीत तिहेरी घडी घातली की सुमारे सहा फूट लांबीचे तीन थर होतात. दोन सुती साड्यांत एका माणसाची सहा थरांची गोधडी तयार होते. कापड आधी धुवा, हुक आणि बटणे काढा, जमिनीवर ताणून अंथरा, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि लांब कच्चे टाके घालून थर पक्के करा. मग चौघांनी चार बाजूंना बसून कडेकडून आत शिवत यावे. पक्की शिवण झाली की कच्चे टाके काढून टाका. ओळींमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त अंतर नको. द्यायच्या आदल्या दिवशी गोधडी उन्हात टाका, आणि बांधण्यापूर्वी प्रत्येकाने तिच्यावरून एकदा हात फिरवून पाहावा, कुठे सुई राहिली नाही ना.