थंडीतील टायर आणि घसाऱ्याचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या टायरवर लेख लिहावा, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या मामांचा संसार चार टायरांवर चालतो, आणि गेल्या हिवाळ्यात त्याच टायरांनी मला पदार्थविज्ञान व हिशेबशास्त्र हे दोन विषय एकत्र शिकविले.

मामांची भाड्याची मोटार आहे. पहाटे बेळगावहून प्रवासी घेऊन कधी कोल्हापूरला, कधी गोव्याला जायचे आणि रात्री परतायचे, असा त्यांचा क्रम. डिसेंबरात थंडी पडू लागली तशी सकाळी चारही चाके किंचित बसलेली दिसू लागली. घराजवळचा पंक्चरवाला दाब मोजून म्हणाला, "गाळी कम्मी आगैती." म्हणजे हवा कमी झाली आहे. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण कारण न कळल्यामुळे मामांनी दुसऱ्या एका दुकानात चारही व्हॉल्व्ह बदलून घेतले. पैसे गेले आणि आठवड्याने पुन्हा तेच! शेवटी जानेवारीत, परतीच्या वाटेवर, मागचा डावा टायर फुटला. गाडी रिकामी होती आणि वेग बेताचा होता, म्हणून निभावले. त्या रात्री मामांनी मला विचारले, "कॉलेजात शिकतोस ना? मग सांग, ही हवा रात्रीत जाते तरी कुठे?" मी निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी पदार्थविज्ञानाच्या सरांना गाठले. त्यांनी जे समजाविले, ते येथे मांडतो.

बहुतांश हवा कोठेही जात नाही. ती टायरातच असते, फक्त तिचा जोर कमी होतो. बंदिस्त जागेतील वायूचा दाब त्याच्या तापमानाबरोबर वाढतो व उतरतो. मात्र हे तापमान केल्व्हिन मापात, म्हणजे सेल्सियसच्या आकड्यात 273 मिळवून धरावे लागते. दुसरी गोष्ट अशी की, गेज जो दाब दाखविते तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून जास्तीचा असतो. बेळगावच्या उंचीवर बाहेरचा दाब दर चौरस इंचास सुमारे साडेतेरा पौंड आहे. गणित करताना तोही मिळवावा लागतो.

समजा, दुपारी 30 अंश तापमानात थंड टायरात 32 पौंड हवा भरली. एकूण दाब झाला साडेपंचेचाळीस. पहाटे पारा 14 अंशांवर आला, तर साडेपंचेचाळीसला 287 ने गुणून 303 ने भागावे. उत्तर येते सुमारे 43.1. त्यातून बाहेरचे साडेतेरा वजा केले की गेजवर उरतात साडेएकोणतीस. भोक नाही, पंक्चर नाही, आणि अडीच पौंड कमी!

मामांची चूक याहून मोठी होती. ते दुपारी, गाडी पळवून आणल्यावर हवा तपासत. त्या वेळी घर्षणाने टायरातील हवा 45 अंशांपर्यंत तापली असेल, तर गेजवर 32 दिसले तरी पहाटे त्याचे साडेसत्तावीसच होतात. म्हणजे गेज खोटे बोलत नव्हते. आम्ही त्याला अवेळी प्रश्न विचारत होतो.

यावरून काही नियम निघतात. हवा सकाळी, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर तपासावी. किती भरावी हा आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरण्यासाठी नव्हे. पुढे दुपारी दाब वाढलेला दिसला तरी हवा सोडू नये. चारही चाकांत सारखीच घट असेल तर दोष थंडीचा समजावा. एकाच चाकात अधिक असेल तर व्हॉल्व्ह, रिमची कड व टायर यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. रबरातून थोडी हवा बारा महिने झिरपतच असते, म्हणून महिन्यातून एकदा स्टेपनीसह सर्व चाके तपासावीत. नायट्रोजन भरल्याने झिरपणे थोडे मंदावते. पण थंडीचा नियम त्यालाही चुकत नाही. शिवाय साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

आता माझ्या विषयाकडे वळतो. कमी हवेने इंधन अधिक जळते हे खरे; पण किती? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजाप्रमाणे चारही टायरांत सरासरी एक पौंड कमी असल्यास सुमारे 0.2 टक्के. मामांची गाडी महिन्याला 3,000 किलोमीटर धावते आणि 200 लिटर इंधन घेते असे धरले, तर चार पौंडांच्या कमतरतेने दीड लिटरच्या आसपास जादा जाते. ही रक्कम नजरेत भरत नाही. परंतु समजा, 20,000 रुपयांचे चार टायर 40,000 किलोमीटरऐवजी 30,000 किलोमीटरच टिकले. मग दर किलोमीटरचा खर्च 50 पैशांवरून सुमारे 67 पैसे होतो, म्हणजे महिन्याला 500 रुपयांचा फरक. कमी हवेत टायरच्या दोन्ही कडा रस्त्याला जास्त घासतात, बाजूची भिंत सारखी दुमडून तापते आणि एके दिवशी फुटते. आम्ही वर्गात घसारा स्थिर हप्ता पद्धतीने काढतो. टायर मात्र आपला घसारा रस्त्यावर स्वतःच लिहीत असतो, आणि तो हप्ता स्थिर नसतो.

मामांच्या वहीत इंधनाचा रकाना होता, दुरुस्तीचा होता, हवेचा नव्हता. आता आहे. दर सोमवारी गाडी काढण्यापूर्वी ते गेज लावतात आणि मी पाच आकडे लिहून घेतो. व्हॉल्व्हवर गेलेल्या पैशांत असे गेज सहज आले असते. जमाखर्चात जे दिसत नाही ते नुकसान नव्हेच, अशी आपली समजूत असते. ती मोडायला आम्हांला एक टायर खर्ची घालावा लागला. वाचकांनी तेवढा खर्च करू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.